सात फाटकांची कॅसेट

२१ एप्रिल, सोमवार. शेलूबाजार.

आणि पळून आलो हे तर मी मानतच नाही. बाबाचं तेच एक गाणं. शाळा सातवीत सोडली, विटाभट्टी अर्ध्यात सोडली, ट्रॅक्टर सोडला, आता गावही सोडून राह्यला. देवमनचं पोट्टं अर्धवट आहे, असं देवमन स्वतःच चार लोकांत सांगते. काल निघतानाही मी त्याले म्हटलं, सोडणं वेगळं अन् निघणं वेगळं. गाडी हालली तरी तो खिडकीखालून बोलतच होता.

वरुडहून अमरावती, तिथून कारंजा, कारंजाहून जीपनं इथं. उतरलो अन् तब्येत खूश झाली. दुकान हायवेवरच आहे. मेहबूबभाई मालक, साठीचे असतील. पुढं टीव्ही अन् मिक्सरची दुरुस्ती, मागच्या खोलीत खोकेच खोके. सगळे जुने व्हिडिओ गेम, तीस वर्षांआधीच्या कॅसेटी. शहरातले साहेब लोक लहानपणी खेळलेले गेम आता दहापट किमतीत मागवतात म्हणे.

माहं काम असं. कॅसेटीचं टोक खोडरबरानं घासायचं, स्पिरिटनं पुसायचं, गेमच्या डब्ब्यात घालून टीव्हीले लावायची अन् शेवटपर्यंत खेळून पाह्याची. मंग चिठ्ठी चिकटवायची, 'चालते'. खेळायचा पगार! बाबाले हे सांगतलंच नाही. तो म्हणीन, हेही सोडशीन.

ही वही वैभवीची, तिच्या बारावीची उरलेली. रोज लिहित जाय, नाही तर अक्षरं इसरशीन, असं म्हणून तिनं पिशवीत कोंबली. लहान बहीण आहे का मास्तरीण, समजत नाही.

मेहबूबभाईची अम्मा, सरवरी नाव, आतल्या खाटेवर बसून राह्यते. बोलत काहीच नाही. भिंतीकडे पाहून दिवसभर थोड्या थोड्या वेळानं "हूं" म्हणते. मी जेवताना म्हटलं, सांबार मस्त आहे. अम्मा म्हणे हूं. माह्या प्रत्येक बोलण्याले हूं म्हणणारं जिंदगीत पह्यल्यांदा कोणी भेटलं.

२४ एप्रिल, गुरुवार

आजपर्यंत चार पुस्तकं संपवली, एकही न उघडता. एक खोकं नुस्तं जुन्या पुस्तकांवरून बनवलेल्या गेमचं निघालं. एक जहाजाचं, एक किल्ल्यातल्या सरदाराचं, एक दोन घराण्यांच्या दुष्मनीचं. पाचशे पानाचं पुस्तक असीन, पण गेममध्ये हिरो नुस्ता उड्या मारते अन् सफरचंद गोळा करते. वैभवीले फोनवर सांगतलं, तर ती हसून मेली. म्हणे ते सरदाराचं पुस्तक तिनं वाचलं आहे, त्यात तो शेवटी मरते. मी म्हटलं माह्यावाल्यात नाही मेला. मी तीनदा जिवंत केला त्याले.

तिले नर्सिंगले जायचं आहे, अमरावतीले. बाबा पाह्यतो म्हणते. त्याचं पाह्यणं मले माहीत आहे. ते पैसे मी देणार.

३० एप्रिल, बुधवार

ऊन असं की दीड ते चार अख्खं शेलूबाजार बंद. हायवेवर कुत्रंही दिसत नाही. मेहबूबभाई समोर झोपतात, मी मागं कॅसेटी तपासतो.

आज खोक्याच्या बुडाशी एक बिनचित्राची कॅसेट भेटली. वर जखमेले लावायची पांढरी पट्टी चिकटवलेली, तिच्यावर पेनानं लिहिलेलं: सात फाटकांचा किस्सा. मधात सोडू नये.

मेहबूबभाईनं पाह्यलं अन् हातातून घेतली. म्हणाले ही तपासायची नाही. त्यांचा मोठा भाऊ खालिद नागपूरले कॉम्प्युटर शिकला होता, त्यानं घरातल्या एका जुन्या किस्स्याच्या पुस्तकावरून बनवली. अम्मा ते पुस्तक रात्री वाचून दाखवायची अन् हे दोघं भाऊ हुंकारा द्यायचे. खालिद कुठं आहे विचारलं, तर म्हणाले गेला, सव्वीस वर्षं झाले. कॅसेट कपाटावर ठेवली. मंग नेऊन टाका ना कुठी, मी म्हटलं. ते समोर जाऊन आडवे झाले.

मले नको म्हटलेलं जमत नाही. हा दोष बाबाचाच आहे, माह्यात उतरला.

४ मे, रविवार

लावली. मेहबूबभाई मालेगावले गेले होते.

गेम म्हणजे काय, काळा पडदा, त्यावर फेटा बांधलेला एक लहानसा हरकारा चालते, राजाची चिठ्ठी घेऊन. खाली मराठी अक्षरं. खालिदनं एक-एक दाणा जोडून काढली असतील, लय मेहनतीची. एक ओळ आली की बटण दाबायचं. दाबलं की टीव्हीतून आवाज येते, "हूं". खराखुरा माणसाचा आवाज. मंगच पुढची ओळ. हुंकाऱ्याचा गेम. असा मी कुठं पाह्यला नव्हता.

वैभवीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला अन् तिले वाचून दाखवू लागलो, कारण माहं वाचणं सुधारलं हे तिले ऐकवायचं होतं. पह्यल्या फाटकावर पहारेकरी म्हणते, सावली ठेवून जाय. हरकाऱ्यानं ठेवली. फोनमधून वैभवी म्हणे, "हूं."

आमची जुनी सवय आहे ही. लहानपणी मी तिले मनानं गोष्टी सांगायचो. ती हूं म्हणायची थांबली की मी गोष्ट थांबवायचो. मंग मी बटण दाबलंच नाही. तिच्या हूंवरच ओळी पुढं जाऊ लागल्या. आम्ही दोघं लय हसलो. माइक असीन कुठी, असं मले वाटलं.

दुसऱ्या फाटकावर पहारेकरी म्हणते, तहान ठेवून जाय. वैभवी म्हणे हूं. अन् लाइट गेली.

टीव्ही बंद. पंखा बंद. मी काहीच वाचत नव्हतो. फोनमधून पुन्हा आलं, "हूं."

मी म्हटलं, अगे, लाइट गेली इथची. ती म्हणे, हो का, बरं. फोन ठेवला.

तेवढ्यात आतून अम्मा बोलली. इतक्या दिवसांत पह्यल्यांदा. साफ आवाजात म्हणाली, "कोणी आहे का घरात? पाणी दे रे, बेटा."

५ मे, सोमवार

मेहबूबभाई काल रात्रीपासून रडून अन् हसून राह्यले. सव्वीस वर्षांनी आई बोलली. जिलेबी आणली, अख्ख्या लायनीत वाटली. अम्मा चार गिलास पाणी पिली, सगळ्यांची विचारपूस केली, खालिदची पण.

आता आतून हूं ऐकू येत नाही. मले जिलेबी गोड लागली नाही. काहून ते लिहित नाही, लिहिलं की खरं होईन.

७ मे, बुधवार

आईचा फोन. वैभवी दोन दिवसांपासून पाणी पीत नाही म्हणे. तहानच नाही. अन् भांडे घासता घासता, केस इंचरता इंचरता मधातच हूं म्हणते. कोणाले म्हणतं असं विचारलं, तर म्हणते, कोणाले नाही. आईले वाटते परीक्षेचं टेन्शन. परीक्षा होऊन दोन महिने झाले.

मी मेहबूबभाईले सगळं सांगतलं. ते खालीच बसले. मंग त्यांनी बोलायले सुरुवात केली.

खालिदनं गेम बनवला, पण पुस्तकाचं शेवटचं पान फाटलेलं होतं. सातव्या फाटकाच्या पुढं काय, त्याले ठाऊक नव्हतं. शेवट लागत नाही म्हणे, लोक तिथपर्यंत पोचतच नाहीत. स्वतःच तपासायले बसला. उठला तो हूं करतच. तहान गेली, झोप गेली. सहावं फाटक आलं तेव्हा अम्मा त्याच्या जागी बसली. दुसऱ्यानं स्वतःच्या तोंडानं हूं दिला की पह्यला सुटते, अन् किस्सा पुन्हा पह्यल्या ओळीपासून. खालिद सुटला. सुटला तसा पळाला, मागं वळून पाह्यलं नाही. सातव्याच्या पुढं गोष्टच नाही, तिथं गेलेलं परत येणार नाही, म्हणून अम्मा सहाव्या फाटकावर अडून बसली, सव्वीस वर्षं एकाच ओळीले हूं देत. म्हातारी होती, सावकाश होती, म्हणून टिकली.

कॅसेट फोडली काहून नाही, विचारलं. म्हणाले, "माय होती ना त्यात."

वैभवी सावकाश नाही. ती पुस्तकं दोन दिवसात संपवते.

८ मे, गुरुवार

मीच फोन केला. तिनं उचलला. म्हटलं मी बोलतो. ती म्हणे कोण?

मी म्हटलं, दादा.

म्हणे कोणाचा?

झोपही गेली आहे. आई म्हणते रात्रभर डोळे उघडे. सावली, तहान, झोप, अन् चवथ्या फाटकावर, मेहबूबभाई म्हणाले, आपल्या माणसांची नावं. म्हणजे ती चवथं पार करून राह्यली. तीन उरले—

मेहबूबभाई हात जोडतात. गावी जाय म्हणतात, बहिणीजवळ जाय, तुह्या पगाराचे घेऊन जाय. म्हणजे पुन्हा निघून जाय. नाही.

९ मे, शुक्रवार

दुपारी दीड. कपाटावरून कॅसेट काढली. टोक घासलं, स्पिरिटनं पुसलं. कामात चूक नको.

बटण बाजूले ठेवलं. पह्यली ओळ मोठ्यानं वाचली अन् मीच तोंडानं म्हटलं. हूं.

ओळ सरकली.

दोनले दहा मिनिट कमी होते तेव्हा आईचा फोन. वैभवी उठली, तीन गिलास पाणी पिली, अन् पह्यलं वाक्य काय, तर त्या अर्धवटाचा फोन काहून नाही आला चार दिवसांचा. आई रडत होती. मी म्हटलं तिले सांग, दादा कामात आहे. अन् माहा फोन आला तर घेऊ नको. माह्याशी कोणी बोलायचं नाही आता, अन् चुकूनही हूं म्हणायचं नाही. आईनं काहून विचारलं. मी फोन बंद करून टाकला.

बाबा, लिहून ठेव. हे मी सोडणार नाही.

१० मे, शनिवार

दुपारी दुकानापुढं उभा राह्यलो. टिनाची सावली पडली, खांबाची पडली. माही नाही.

सकाळपासून पाणी नाही. लागतही नाही. टीव्ही बंद आहे, तरी ओळी येतात, कानाच्या मागून, सावकाश. न मागता तोंडातून निघते.

अम्मा काठी टेकत माह्या जवळ आली. माह्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "दे बेटा, मले दे. मले आदत आहे त्याची."

मेहबूबभाई दाराशी उभे होते. त्यांनी तिले नको म्हटलं नाही, अन् हो म्हटलं नाही. आठवडाभराची भेटलेली माय. त्यांच्याकडे मले पाह्यवलं नाही.

मी म्हटलं, अम्मा, तुमी जिलेबी खा. माही पाळी आहे.

तिले मी हूं म्हणू दिलं नाही. तोंडावर हात ठेवला तिच्या. म्हातारी चावली मले. जोर आहे अजून.

११ मे. वार कोणता

झोप नाही. तिसरं गेलं.

इचार करून ठेवला आहे. सातव्या फाटकाच्या पुढचं पान फाटलं, म्हणजे सांगणाऱ्याजवळच काही नाही. हूं. खालिद घाबरला. अम्मा अडून बसली. मी अडणार नाही. मी चालत जाईन सातव्यापर्यंत अन् त्या पहारेकऱ्याले म्हणीन, बस खाली. आता पुढचं मी सांगतो. मले मनानं सांगता येते, लहानपणापासून. सरदाराले तीनदा जिवंत केलं मी. अन् हुंकारा तू देशीन. तू थांबला की मी थांबीन, अन् मंग पाहू कोण कोणाले—

हूं.

चवथं आलं. बाबाचं नाव आठवलं नाही. वहीचं पह्यलं पान काढून पाह्यलं. देवमन. तिचंही तिथंच भेटलं. लिहून ठेवतो, वैभवी, वैभवी, वैभवी.

मेहबूबभाई पुढच्या चौकात जाऊन पैसे टाकतात म्हणाले. पगार पुऱ्या महिन्याचा धरला त्यांनी, माह्याजवळचे उरलेले मी त्यात मिळवले. नर्सिंगच्या फॉर्मसाठी. बाबाले सांगा अर्धे नाही, हूं, पुरे आहेत. पाठवतो आहे, बहिणीले, नाव वर लिहिलं आहे, रुपये नऊ हजार, हूं, सहा—