शिवांगीचे तीन बळी

नीउ-व्हेनेप, नेदरलँड्स

प्रिय नीळकंठदादा,

इथल्या मैदानांवर पालकांच्या वाट्याला कायम ओलाच बाक येतो, याची आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दखल घ्यावी.

शाळेच्या बेसबॉल सामन्यात तुझ्या भाचीने, शिवांगीने, लागोपाठ तिघींना बाद केलं, हे तिने तुला फोनवर सांगितलं. आम्ही सव्वीस-शून्य हरलो, हे गाळलं. समोरच्या मुली लहानपणापासून क्लबात खेळणाऱ्या; आमच्या मुलींनी हातमोजे पहिल्यांदा घातले तेच महिन्यापूर्वी. तिचा चेहरा बघवेना, म्हणून मी त्यांच्या कोचकडे शब्द टाकला.

"जरा सांभाळून घ्या. चकल्या देईन."

तो हसलासुद्धा नाही. पण त्यांच्या पुढच्या तिघी मुद्दाम हवेत बॅट फिरवून बाद झाल्या.

"रक्तातच आहे आपल्या!" तू म्हणालास. आता ती राष्ट्रीय संघाची स्वप्नं बघतेय, आणि तिला खरं सांगायची माझी छाती नाही.

आज डबाभर चकल्या कोचच्या दाराशी ठेवून आले.

तुझी,
मृणालिनी