घरात नसलेल्या हजार गाई

याडी, माझं पुस्तक आलं. गोष्टींचं पुस्तक, पाठीमागं माझा फोटो असलेलं. फोटोत मी इतका ताठ बसलोय की, कुणीतरी नुकतंच रागावलंय असं वाटतं. तू गेलीस तेव्हा मी नववीत होतो. दहावीला नापास झालो आणि परत परीक्षेला बसलो नाही, म्हणजे शाळेच्या हिशेबानं मी अर्ध्यावर राहिलेला माणूस आहे. आईला याडी म्हणणारी आपली बोली मला कागदावर नीट उतरवता येत नाही, म्हणून तुझं-माझं बोलणं मी इथं मराठीत लिहितोय. त्याचा राग मानू नकोस. ही मराठी मला कुणी दिली नाही, एकेक वेलांटी तपासत मी ती मिळवली आहे.

तालुक्याच्या गावी एका छोट्या प्रेसमध्ये मी लग्नपत्रिका जुळवतो. तू असतीस तर हसली असतीस. जुळवण्यासारखं त्यात फार नसतं. मजकूर तोच, कुलस्वामिनीची कृपा तीच, चिमुकल्यांची लाडीगोडी तीच, फक्त नावं बदलतात. पण माझ्या हातून आजवर एकाही नवरीचं नाव चुकलेलं नाही. मी प्रत्येक पत्रिका पुन्हा पुन्हा वाचतो, तरी संध्याकाळी मोटारसायकलवर पुसेगावच्या पुढं आलो की शंका येते, आणि मी गाडी कडेला घेऊन मालकाला फोन लावतो. मालक न चिडता म्हणतात, "अरे बाबा, नवरी नवरीच्या जागी हाय, नवरदेव नवरदेवाच्या जागी हाय. सगळं बराबर हाय. तू घरी जा."

लग्नाचे मुहूर्त संपले आणि पाऊस लागला की प्रेसमध्ये काम नसतं. अशाच एका रिकाम्या पावसाळ्यात मी गोष्टी लिहायला लागलो. तेव्हा मी तिशी ओलांडली होती, घरात दोन लेकरं होती. मासिकांत ज्यांच्या गोष्टी येत, त्यांचा परिचय मी आधी वाचायचो. कुणी एम.ए., कुणी प्राध्यापक, कुणाची पहिली कविता कॉलेजात छापून आलेली. माझ्या परिचयात काय लिहायचं हा प्रश्न मला गोष्टीपेक्षा मोठा वाटायचा. तरी मी रोज सकाळी शटर उघडायच्या आधी तासभर येऊन बसायला लागलो. मालकाला कळलं तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली आणि गंभीरपणे विचारलं, "काहून पण? लोकं हे वयात आल्यावर करतात. तू तर वय उलटून जाऊन राहिला." मी म्हणालो, लिहावंसं वाटतं. ते म्हणाले, "मग लिही. पण पत्रिकेत घुसवू नको काही."

गोष्टी मी पाठवत राहिलो आणि त्या परत येत राहिल्या. शेवटी एका संपादकबाईंचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं, इतकं स्वच्छ, निर्दोष हस्तलिखित आमच्याकडे क्वचित येतं. पुढचं वाक्य होतं, पण ही गोष्ट कुणीही लिहिली असती. मी पहिलं वाक्य मालकाला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पत्राची घडी घातली. "मग छापून राहिले का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही. "मग त्या स्वच्छतेचं काय लोणचं घालायचं?"

ती कसली गोष्ट होती सांगतो. तिच्यात एक मोठं घर होतं, घरात पितळी कड्यांचा झोपाळा होता, आणि झोपाळ्यावर केसांत मोगरा माळून बसलेली एक आई मुलाची वाट पाहत होती. असा झोपाळा मी कधी पाहिलेला नाही, बसणं तर दूरच. मोगरा तांड्यात कुणाच्या दारात आहे? पण मला वाटायचं, पुस्तकातल्या आया अशाच असतात. पत्र आल्यावर मी ठरवलं की एवढा येता पावसाळा लिहायचं आणि नाही जमलं तर कायमचं थांबायचं. मनाला रोज धाकधूक लावून घेणाऱ्या माणसाला असा शेवट ठरवून टाकला की जरा बरं वाटतं. बरं वाटलंही, आणि त्याच आठवड्यात माझ्या थोरल्या बहिणीचा, बाईचा फोन आला की तिच्या पोरीचं लग्न ठरलं आहे, तू आधीपासून ये.

याडी, मला तुझी ती दुपार आठवते, आणि ती एक नाही, त्या अनेक आहेत. लग्नाआधी नवरी घरच्या एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते, स्वतःचे शब्द जुळवून निरोप घेते, त्याला आपल्यात ढावलो म्हणतात, हे मला पुस्तकात तांड्याबाहेरच्या लोकांसाठी लिहावं लागलं. तुला ते काय सांगायचं. तांड्यातली प्रत्येक नवरी शिकायला तुझ्याकडे यायची. तू चुलीपाशी बसलेली असतेस, काकी दाराच्या चौकटीला टेकून तंबाखू मळते आहे, आणि मी मध्ये उभा आहे. मी बाप आहे. थोड्या वेळानं मी मामा होणार आहे, मग मोठा भाऊ. सराव करायला कुणीतरी गळा लागतो, आणि घरात रिकामा गळा माझाच असतो. माझ्याहून वीतभर उंच पोरी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायच्या, आणि मी कुणाला हात कुठं लागेल या भीतीनं हात अंगाला चिकटवून उभा राहायचो. तू चुलीपासून ओरडायचीस, "तू बाप हायेस, खांब न्हाईस. धर की तिला."

पोरींना तू त्याहून कडक बोलायचीस. एखादी छान सुरात म्हणायला लागायची, बापू तुझ्या वाड्यातल्या हजार गाई, बापू तुझे शंभर बैल, आणि तू हात वर करून तिला थांबवायचीस. "हे मागच्या लग्नातलं हाय." काकी चौकटीतून री ओढायची, "त्याच्याही मागच्या." मग तू विचारायचीस, "तुझ्या घरी किती गाई हायेत गं?" पोरगी म्हणायची, न्हाईत. "शेळी?" एक होती, विकली. "मग ती शेळी घे. गाईंना सोड. गाईसाठी कोण रडेल? त्या तुझ्या न्हाईतच."

बाईच्या लग्नाची वेळ आली तेव्हा शिकवायलाही तूच आणि जिच्या गळ्यात पडायचं तीही तूच. मला तू बाजूला सरकवलंस, मी सुटलो. बाईनं तुला धरलं आणि म्हणाली, याडी, तू रानातून येतेस तेव्हा आधी तुझ्या बांगड्या येतात, मग तू येतेस. सासरी मला कसं कळेल कोण येतंय. तू तिला थांबवलं नाहीस. काही दुरुस्तही केलं नाहीस. काकीची तंबाखू हातातच राहिली. तू चुलीकडं तोंड फिरवून म्हणालीस, "आता माझ्यापाशी शिकवायला काही न्हाई." तिचं लग्न झालं आणि पुढच्या थंडीत तू गेलीस.

बाईचं सासर सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठच्या तांड्यात आहे, तुला ठाऊक आहे. मी पोचलो तर भाची कानाला मोबाइल लावून ढावलो पाठ करत होती. कुणीतरी गाऊन टाकलेला होता, मागं पेटीबिटी वाजत होती. मला बघून तिनं म्हणून दाखवला. सूर चांगला होता. हजार गाई होत्या, शंभर बैल होते, चंदनाचा पाट होता. बाई कपाळाला हात लावून बसली. "घरात कोंबडी न्हाई अन् ही हजार गाईंचा निरोप घेऊन राहिली. मला शिकवता येत न्हाई रे, माझं मलाच रडू येतं. तू याडीपाशी उभा राहायचास. तूच सांग तिला."

भाची म्हणाली, "मामा काय सांगेल? पुरुष माणूस." मी म्हणालो, "तुझ्या आईच्या पिढीतल्या निम्म्या नवऱ्या माझ्या गळ्यात पडून रडल्या आहेत." ती इतकी हसली की मोबाइल खाली पडला. मग मी तिला विचारलं, हे घर सोडताना तुझं काय राहणार आहे इथं? ती इकडंतिकडं बघत राहिली. भिंतीवर मोबाइलचा चार्जर लोंबत होता. त्याची वायर तुटायला आली होती आणि बाईनं तिच्यावर तुझ्यासारखाच रंगीत दोरा गच्च गुंडाळून, वर टाका घालून ती सांधली होती. पोरगी ती वायर बघत म्हणाली, "हे घेऊ?" मी म्हणालो, "हेच घे. गाईंना सोड. त्या तुझ्या नाहीत."

आणि याडी, मी तिथंच थांबलो. हे बोललं कोण? तोंड माझं होतं, पण आवाज चुलीपासून आला होता. माझ्या सगळ्या गोष्टी माझ्यासमोर ओळीनं उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यात झोपाळे होते, मोगरे होते, पितळी कड्या होत्या. हजार गाई, एकही माझी नाही. शुद्धलेखन तेवढं माझं होतं.

लग्नाच्या दिवशी भाचीनं बाईच्या गळ्यात पडून त्या दोऱ्याच्या वायरीवर ढावलो घेतला. याडी, तू सांधत आलीस म्हणून हे घर चालू राहिलं, आता तिकडं काही तुटलं तर कोण सांधेल, असं काहीतरी. बायका कुणाला न जुमानता रडल्या. वऱ्हाडातला एक पोरगा शूटिंग करता करता मोबाइल खाली करून डोळे पुसायला लागला. मी परत येऊन प्रेसचं शटर उघडलं आणि लिहायला बसलो. गोष्ट एका मुलाची, ज्याला सगळ्या तांड्याच्या नवऱ्यांचा बाप व्हावं लागतं. चूल घेतली, चौकट घेतली, तंबाखू घेतली, तुझा आवाज घेतला. पहिल्यांदा मी वेलांट्या न बघता लिहीत सुटलो. वेलांट्या नंतर बघितल्याच, ते माझं सुटणार नाही.

संपादकबाईंचा या वेळी फोन आला. त्यांनी विचारलं, "ही गोष्ट तुमचीच आहे ना?" मी म्हणालो, होय मॅडम, मी सगळं दोनदा तपासलंय. त्या हसल्या. म्हणाल्या, "तपासलं का, ते नाही विचारलं. अशी गोष्ट दुसऱ्या कुणाला लिहिता आली नसती, एवढंच म्हणायचंय. अजून आहेत का?" मी म्हणालो, आहेत. एकही नव्हती. पण ते खोटं मी पुढच्या दोन पावसाळ्यांत खरं केलं. सगळ्या छापून आल्या नाहीत. दोन परत आल्या, आणि त्या का परत आल्या हे या वेळी मला पत्र उघडायच्या आधीच कळलं होतं. उरलेल्यांचं पुस्तक करायला नांदेडचा एक छोटा प्रकाशक स्वतःहून तयार झाला. परिचयात मी लिहिलं, लग्नपत्रिका जुळवतात. बस. त्यांनी ते तसंच छापलं.

प्रकाशन तांड्यातच करायचं असं मी म्हणालो. मालकांनी निमंत्रणपत्रिका छापण्याचा हट्ट धरला आणि त्यांच्यापाशी कागद होता तो लग्नाचाच, लाल, सोनेरी वेलबुट्टीचा. त्यामुळं अर्धा तांडा विचारत आला, "लग्न कुणाचं हाय?" मालक दारात उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "आमच्या पोराचं पुस्तक हाय. बसा, बसा. जेवण बी हाय." आपले बापू पांढरा फेटा बांधून पुढच्या सतरंजीवर बसले होते आणि लेकाचं पुस्तक उलटं धरून फोटो बघत होते. बाई कालव्याकाठच्या तांड्यातून निम्मी जीप भरून बायका घेऊन आली होती. भाची कडेवर लेकरू घेऊन उभी होती.

मी तीच गोष्ट वाचली, आपल्या बोलीत, कागदावरची मराठी तोंडात वळवत. सगळ्यांत पुढं काकी बसली होती. ती आता फार वाकली आहे, पण कान शाबूत आहेत. तांड्यात अजूनही नवरीचा ढावलो झाला की लोक आधी काकीच्या तोंडाकडं बघतात. संपादकबाईंच्या पत्राची मी वाट पाहिली होती, पण एवढी धास्ती नव्हती घेतली. मी वाचायचा थांबलो. कुणी टाळी वाजवली नाही. आपल्याकडं अशा वेळी टाळ्या वाजवत नाहीत, हे मालकांना ठाऊक नव्हतं, त्यांनी एक वाजवली आणि हात आवरला. काकी भुईवर हात टेकून उठली, माझ्यापाशी आली आणि सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "हे मागच्या लग्नातलं न्हाई."

मग ती माझ्या गळ्यात पडली आणि सुरात रडायला लागली, तुझं नाव घेऊन, तुझ्या बांगड्या घेऊन. तिच्यामागं बाई रडली, आणि मग सगळ्याच. माझ्या पुस्तकाचं प्रकाशन असं झालं, याडी. याहून मोठा समारंभ मला कुठला करता आला असता असं वाटत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. पुस्तकाची एक प्रत मी तुझ्या जुन्या पेटीत ठेवली आहे, घडी घातलेल्या फेटिया घागऱ्यावर. पत्र तिथंही ठेवणार नाही, कारण कुणीतरी उघडून वाचेल आणि एक गोष्ट त्यांना कळेल, जी तुझ्याशिवाय कुणाला कळायला नको. काकी गळ्यात पडली तेव्हा तेवढ्या सगळ्या लोकांत मी हात अंगाला चिकटवून उभा होतो. पुन्हा खांब. तू ओरडशील म्हणून मी जरा वेळ वाट पाहिली, आणि मग धरलं तिला.