खरवडलेला शिक्का

प्रिय बाबा,

आज सकाळी तुमची पुस्तकं गेली. टेंपो दहिवलीच्या पुलाकडे वळेपर्यंत मी फाटकात उभी होते. आत आले तर मधल्या खोलीच्या भिंतीवर कपाटांच्या जागचे पांढरे चौकोन तेवढे उरलेले. तुमच्या फोटोपुढे उभं राहून बोलून बघितलं. पण फोटोत तुम्ही हसताय, आणि आत्ता मला तुमच्या हसण्याशी बोलायचं नाहीये. म्हणून लिहितेय. भांडायला लिहितेय म्हणा हवं तर.

कर्जतमध्ये लोकांनी जमिनी घेतल्या, बंगले बांधले. तुम्ही काय जमवलंत? पहिल्या छपाईची पुस्तकं! तीही कुणाची, तर एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन गणितज्ञांची. आणि विषय कुठला, तर बैजिक भूमिती. समीकरणातून वक्र आणि पृष्ठं कशी उभी राहतात, त्याचं शास्त्र. आई म्हणायची, “ह्यांना भाजीवाल्याचं नाव आठवत नाही, पण दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या पुस्तकाला कुठल्या रंगाचं वेष्टन होतं ते पाठ आहे.”

मीच एकदा विचारलं होतं, बाबा, तेच पुस्तक कोरं करकरीत छापलेलं मिळतं ना? मग हे पिवळं कशाला? तुम्ही म्हणालात, “वसू, नंतरच्या छपाईत चुका दुरुस्त झालेल्या असतात. पहिल्या छपाईत तो माणूस चुकताना दिसतो.” किती आवडलं होतं मला ते वाक्य! मेडिकलच्या दुकानात बसून मी ते कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलंय.

आणि दाऊदकाका? लोधिवलीचे, खोपोलीकडच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि तुमच्याइतकेच ह्या पुस्तकांनी झपाटलेले. रविवारी तुम्ही दोघं मला घेऊन पळसदरीच्या धरणावर जायचात. मी भेळ खायची आणि तुम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन जर्मन मोठ्यानं वाचायचात. एक अडखळला की दुसऱ्यानं शब्द पुरवायचा. मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा रविवारी हेच करतात.

मग दाऊदकाका यायचे बंद झाले. मी बारावीत होते. विचारलं तर म्हणालात, “कामात असेल.” पुढच्या वर्षी विचारलं, तरी तेच. नंतर मी विचारणं सोडलं. माणूस इतकी वर्षं कामात असतो का हो बाबा?

तुम्ही गेलात त्या दिवशी ते आले होते. फाटकाबाहेर उभे राहिले, आत आलेच नाहीत. मी पाणी घेऊन बाहेर जाईपर्यंत निघून गेले.

आता काय झालं ते सांगते.

तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी खटपट केली आणि एका गणित संस्थेनं तुमचा सगळा संग्रह घ्यायचं कबूल केलं. त्यासाठी वेगळी खोली देणार होते. दारावर तुमच्या नावाची पाटी लावणार होते. पुण्याहून दादाचे रोज फोन. पाटीवर ‘प्राध्यापक’ पूर्ण लिहायचं की नुसतं ‘प्रा.’, ह्यावर तो दोन दिवस अडून होता. इतक्या आनंदात मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

फक्त एक अट होती. घेण्याआधी पुस्तकं तपासली जाणार. त्यासाठी संस्थेनं हॅना नावाच्या एका जर्मन बाईंना पाठवलं. गणिताचा इतिहास हा त्यांचा विषय. पळसदरीला एका घरगुती मुक्कामात उतरल्या होत्या आणि रोज सकाळी रिक्षानं यायच्या. हातात पातळ मोजे घालून एकेक पुस्तक बाळाला उचलावं तसं उचलायच्या. आपल्या मधल्या खोलीत असं पुस्तक मिळतं म्हणून पुन्हा पुन्हा मान हलवायच्या. मला इतका अभिमान वाटत होता, बाबा!

शेवटून दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘सत्तावीस रेषा’ हातात घेतलं. त्याचं खरं जर्मन नाव कुणी घेतलंच नाही आपल्या घरात. तिसऱ्या घाताच्या गुळगुळीत पृष्ठावर सत्तावीस सरळ रेषा असतात, हे तुम्ही मला पेरूवर पेन्सिलीनं काढून दाखवत होतात आणि गोल पेरूवर सरळ रेषा कशी बसेल म्हणून मी हसत सुटले होते. सगळ्यांत बारीक पुस्तक, आणि सगळ्यांत लाडकं. त्याला कुणी हात लावलेला तुम्हाला खपायचा नाही.

हॅनाबाईंनी शीर्षकपान खिडकीकडे तिरकं धरलं. बराच वेळ धरलं. मग मला जवळ बोलावलं. खालच्या कोपऱ्यात कागद पातळ झाला होता, त्याला लव आल्यासारखी दिसत होती.

“इथे शिक्का होता,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “कुणीतरी खरवडलाय.”

त्यांनी पानं उलटली. ग्रंथालयं आतल्या एखाद्या ठरलेल्या पानावरही शिक्का मारून ठेवतात म्हणे, चोराला माहीत नसतं. आणि तो होता, बाबा! जांभळट, लंबगोल, अख्खा. त्यांनी गावाचं नाव वाचलं आणि पुस्तक खाली ठेवून हात मागे घेतला.

“हे ग्रंथालय युद्धात लुटलं गेलं. अजून ते आपली पुस्तकं शोधताहेत.” मग माझ्याकडे बघून विचारलं, “तुमच्या वडिलांना माहीत होतं?”

काय सांगणार होते मी? म्हटलं, उद्या सांगते.

दादाला फोन केला. तो लगेच म्हणाला, “आधीच्या कुणा विकणाऱ्यानं खरवडला असेल. तसंच सांगून टाक. बाबांनी भाबडेपणानं घेतलं असेल.”

“आणि बाबांनीच खरवडला असेल तर?”

मग तो म्हणाला, “वसू, बाबा गेलेत. त्यांचं आता उरलंय काय? एक पाटी. तीही तू काढून घेणारेस?”

मी फोन ठेवला. पण मला खरं माहीत असायला हवं होतं. खोटं बोलायचं झालं तरी! आणि ते माहीत असलेला एकच माणूस उरला होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही. स्कूटर काढली आणि चौक गावाच्या रस्त्याला लागले. ऊन मी म्हणत होतं. वाटेत दोनदा वाटलं, मागे फिरावं. लोधिवलीला हमरस्त्यावर ट्रकांच्या धुरळ्यात उभी राहून घर विचारलं. दार दाऊदकाकांनीच उघडलं. किती वाळलेत हो!

“वसू ना गं तू? आत ये, उनात का उभी?”

कोकमाचं सरबत पुढं आलं. मी ग्लास हातातच धरून विचारलं, “काका, सत्तावीस रेषांच्या पुस्तकावरचा शिक्का कोणी खरवडला?”

ते खाली बसले. “मला ठाऊक होतं, कोणीतरी विचारायला येईल. तू येशील असं वाटलं नव्हतं.”

मग त्यांनी सांगितलं. मुंबईच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात तुम्ही दोघं बरोबरच होतात. “शिक्का चांगला ठसठशीत होता. मी म्हटलं, मनोहर, हे चोरीचं हाय. इथं सोडलं तर रद्दीत जाईल, म्हणून घेऊ. पण ज्याचं हाय त्याला धाडून देऊ. तो हो म्हणाला. नंतर एक दिवस तुमच्या घरी आलो, तर पुस्तक टेबलावर उघडं, शेजारी दाढीचं ब्लेड. शिक्का नाय. म्हटलं, हे काय रं केलंस? तर म्हणतो, दाऊद, अजून थोडे दिवस राहू दे माझ्याकडं. अरे, थोडेच दिवस पाहिजेत तर शिक्का कशाला खरवडतोस?”

मला वाटतं, मी रडत नव्हते. ग्लास मात्र हातातून काढून घेतला त्यांनी.

“मी तसाच उठलो,” ते म्हणाले. “पुढं एकदा तो आला इथं. समोरच्या टपरीवर दुपारभर बसून होता. मी ह्या खिडकीतून बघत होतो. तो आत येईना, मी बाहेर जाईना. संध्याकाळी उठून गेला. झालं.”

बाबा, का? तुम्ही आम्हाला परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावू दिलं नाहीत. बंबाच्या जळणात कुणाच्या कुंपणाची काठी आली तर ती परत नेऊन द्यायला लावलीत. आणि तुम्ही ब्लेड घेऊन बसलात? मी तेव्हा कुठे होते, शेजारच्या खोलीत अभ्यास करत? पण खरं सांगू, मला ब्लेडचा आला नाही एवढा राग त्या “कामात असेल”चा आला. एका पुस्तकासाठी तुम्ही आपला असा माणूस घालवलात आणि मला वाटू दिलंत की त्यानंच आपल्याला टाकलं!

मी दाऊदकाकांना म्हटलं, “आता तुम्हीच सांगा, त्या बाईंना काय सांगू?”

“मला नको विचारू. मी एकदा खरं बोललो, माझा दोस्त गेला.”

मी बाहेर येऊन स्कूटर चालू केली. तेवढ्यात ते चपला घालत आले. “थांब गं. मी येतो. बघणारा मी हाय, तू नाय. तू सांगितलंस तर ऐकीव होईल.” आणि ह्या वयात, गुडघे दुखत असताना, माझ्यामागे बसून ते कर्जतला आले. एवढ्या वर्षांनी ते आपल्या फाटकातून आत आले, बाबा, ते असे.

मधल्या खोलीत आम्ही दोघांनी मिळून हॅनाबाईंना सगळं सांगितलं. दाऊदकाकांनी अर्धं आपल्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. “बाबांनी खरवडला” हे वाक्य मात्र मला म्हणावं लागलं. काकांना ते म्हणता येईना.

बाई म्हणाल्या, “तुम्ही हे सांगितलं नसतंत तर मला कळलं नसतं.”

मी म्हटलं, “माहितीये.”

संस्थेचं उत्तर येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. गिऱ्हाइकाला गोळ्या देताना चिठ्ठी तीनतीनदा वाचायचे. वाटायचं, सगळीच पुस्तकं नाकारली तर? वर्तमानपत्रात आलं तर? तुमच्या विद्यार्थ्यांना काय तोंड दाखवू? दादानं फोन उचलणं बंद केलं होतं.

मग उत्तर आलं. पुस्तकं घेतील, खोलीही देतील. ‘सत्तावीस रेषा’ त्याच्या गावी परत जाईल, हॅनाबाई स्वतः घेऊन जातील. दारावर नाव मात्र लागणार नाही.

दादाला कळवलं. “झालं समाधान?” एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. आज सकाळी तो आला नाही. मी वाट पाहिली. टेंपोवाल्याला उगाच चहा पाजून थांबवून धरलं.

दाऊदकाका आले. पुस्तकं न्यायला आलेल्या हॅनाबाईंची परवानगी घेऊन त्यांनी ते बारीक पुस्तक हातात घेतलं आणि पायरीवर बसून मोठ्यानं वाचू लागले. एका शब्दाशी अडखळले आणि सवयीनं शेजारी बघितलं. शेजारी कुणीच नव्हतं. मग पुस्तक मिटून त्यांनी ते बाईंच्या हातात दिलं.

एक गोष्ट तुम्ही मला कधीच सांगणार नाही. तुम्ही ते पुस्तक पान न् पान वाचलं होतंत. मग आतला तो जांभळा शिक्का दिसला नाही तुम्हाला? की दिसला, आणि ब्लेड उचलवलं नाही? मी दाऊदकाकांना विचारलं. ते म्हणाले, “दिसला असणार.” त्यांना तसं वाटायला हवंय, हे मला कळतं. मलाही हवंय. पण मला माहीत नाही, बाबा, आणि माहीत असल्याचं सोंग मी करणार नाही.

दादाशी बोलेन मी. तो माझ्याशी बोलला नाही तरी मी बोलेन. आणि तुम्हाला एक शब्द देते. त्या बिननावाच्या खोलीत मी जात राहीन. कधीतरी एखादी विद्यार्थिनी तिथलं एखादं पुस्तक उघडेल आणि विचारेल, हे सगळं जमवलं कुणी? तेव्हा मी तिला तुमचं नाव सांगेन. पूर्ण नाव, ‘प्राध्यापक’सकट. मग ब्लेडचंही सांगेन. पण आधी नाव, मग ब्लेड. हा क्रम मी कधी उलटा होऊ देणार नाही.

रागावलेली, तरी तुमचीच,
वसू