बाबांच्या गाडीची वरची काच

मंगळवार, ४ मार्च. सकाळ.

आजपासून राग बंद. कायमचा.

काल गाडीच्या सनरूफची काच फुटली. आपोआप. भाऊजी शेजारच्या सीटवर बसून सांगत होते, की तुझ्या बाबांना जाऊन वर्ष होत आलं, गाडी उभ्या उभ्या सडतेय, विकून मोकळे व्हा, गिऱ्हाईक माझ्या ओळखीचं आहे. मी अत्यंत शांतपणे ऐकत होतो. हातात स्टीलची पाण्याची बाटली होती, ती सुटली. सुटलेली वस्तू खाली पडते हे मला मान्य आहे, दीड वर्ष मेकॅनिकल केलंय मी. पण ही वर सुटली. याला मी काय करणार?

भाऊजींच्या टकलावर गारांसारखी काच बरसली. लागलं कुठेच नाही, पण ओरडले असे की चौकातला पोलीस वळून बघायला लागला. म्हणाले, बापाच्या गाडीवर राग काढतोस? मी म्हटलं, गाडीवर नाही, तुमच्यावर. गाडी मधे आली.

मग ताईचा फोन. तिने माझा सविस्तर उद्धार केला. कॉलेज सोडल्यापासून सुरुवात केली, म्हणजे वेळ लागणारच.

त्याच दिवशी, रात्र.

आई दुपारची जेवणं आवरून खाली पार्किंगमध्ये गेली. रोज जाते. गाडीत बसते, दारं लावून घेते, थोड्या वेळाने वर येते. ताई म्हणते, हिला डॉक्टरला दाखवू या. काय दाखवणार? गाडीत बाबांचा वास आहे. सिगारेटचा, आणि ती लपवायला चघळलेल्या खोकल्याच्या गोळीचा. सनरूफवाली गाडी त्यांनी घेतलीच त्यासाठी. धूर वरच्या वर गेला की घरी कळणार नाही, असा त्यांचा हिशोब. आईला पहिल्याच दिवशी कळलं होतं. जन्मभर त्या वासावरून भांडली, आता तोच हुंगायला जिने उतरून जाते.

आज लगेच परत आली. म्हणाली, वरून सगळं जातंय रे.

ठराव: आठवड्यात काच बसवणार. वास जाऊ देणार नाही. गाडी विकू देणार नाही. भाऊजींना शब्दाने दुखवणार नाही. (शेवटचा ठराव जमेल तसा.)

संध्याकाळी भोकावर जाड प्लास्टिक ताणून चारी बाजूंनी टेप मारली. अख्खं रीळ संपवलं. हवा काय, देवसुद्धा आत येणार नाही.

बुधवार, ५ मार्च

काचेच्या दुकानात गेलो. काउंटरवर ती होती.

कानाला हेडफोन, केसांत खोचलेलं पेन, आणि तेच पेन ती टेबलभर शोधत होती. मी नुसतं बोट दाखवलं. ती हसली. झालं.

मग तिने मला गाडीचं मॉडेल विचारलं, वर्ष विचारलं, काच मागे सरकते की नुसती वर उचलली जाते ते विचारलं, चॅसिस नंबरसुद्धा विचारला. इतक्या आस्थेने माझी चौकशी आजवर कोणी केलेली नाही. म्हणाली, दादा, काच मागवावी लागेल, आली की मी स्वतः फोन करते.

'दादा' हा दुकानाचा नियम असणार. मागे उभ्या असलेल्या आजोबांनाही ती दादाच म्हणाली. महत्त्वाचे शब्द आहेत, मी स्वतः.

गुरुवार, ६ मार्च

प्लास्टिक श्वास घेतं.

आधी लक्षात नाही आलं. गाडी चालायला लागली की ते वर फुगतं, मग आत ओढलं जातं. फुगतं, ओढलं जातं. आवाज अगदी तसाच. हॉस्पिटलात बाबांच्या मास्कमधून यायचा तसा. पन्नासच्या वर गेलं की धाप लागते. तीसवर नीट चालतो. म्हणून आज सगळीकडे तीसवर गेलो. मागचे लोक हॉर्नवर हॉर्न. एकाने शेजारी येऊन विचारलं, बैलगाडी आहे का? मी काच खाली करून ओरडलो, की आजारी माणूस आहे गाडीत, दिसत नाही का? त्याने मागे वाकून पाहिलं. मग हॉर्न न वाजवता निघून गेला.

सिग्नलला थांबलं की श्वास थांबतो. आज एक सिग्नल तोडला.

भुतांवर माझा विश्वास नाही, हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो.

शुक्रवार, ७ मार्च

तिचा फोन! स्वतः!

म्हणाली, काच आलीय, या. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. दुकानातला फिटर, ज्याला सगळे टोपी म्हणतात कारण तो टोपी काढत नाही, त्याने काच वर धरून पाहिली आणि म्हणाला, ही नाही बसायची. आपल्या गाडीची नाहीच. हिचे कोपरे वेगळे.

मी रागावलो नाही. आवाज चढला, ती वेगळी गोष्ट. मी त्याला एवढंच विचारलं, की तुम्हाला काच आणि ताट यांतला फरक कळतो का, मी मेकॅनिकलला होतो, वगैरे. टोपी म्हणाला, मग तुम्हीच बसवा, भाऊ. तेवढ्यात ती पाण्याचा ग्लास घेऊन आली. म्हणाली, दादा, पाणी प्या, चूक माझी झाली, मी नंबर लिहिताना घाई केली.

माझा नंबर लिहिताना तिचा हात थरथरला. याहून जास्त कोणती मुलगी काय सांगणार?

निघताना तिच्या फोनकडे नजर गेली. मघाशी मला लावलेला कॉल दिसत होता. नाव सेव्ह केलंय: 'सनरूफ दादा'. बाकी गिऱ्हाइकं नुसत्या नंबरवर असतील.

शनिवार, ८ मार्च

सकाळी बाजारातून परत येताना बेल्टची घंटी वाजायला लागली. माझा बेल्ट लावलेला. बाजूची सीट रिकामी. तरी वाजतेच आहे. मला गाडी शिकवताना बाबा तिथेच बसायचे, बेल्ट न लावता, आणि मला शिस्तीवर भाषण द्यायचे.

मी वाकून रिकाम्या सीटचा बेल्ट लावला. घंटी थांबली.

इलेक्ट्रॉनिक्स. सीटच्या फटीत काचेचे बारीक कण गेलेत, त्यांनी सेन्सर दाबला जातो. सरळ आहे. घरापर्यंत मी त्या कणांना कॉलेजबद्दल सगळं सांगितलं. का सोडलं, कोणाशी भांडलो, पुढे काय. उत्तर आलं नाही. बाबांचंही कधी यायचं नाही. धूर सोडायचे नुसते.

दुपारी आई खाली गेली तेव्हा बेल्ट तसाच लावलेला होता. तिने पाहिला. जाऊन मागच्या सीटवर बसली.

सोमवार, १० मार्च

भाऊजी आणि ताई येऊन गेले. भाऊजी म्हणाले, गिऱ्हाईक रविवारी येईल म्हणतंय. आई म्हणाली, गाडी नाही द्यायची. ताई म्हणाली, अगं आई, चालवणार कोण? हा? आई म्हणाली, चालवायची कशाला, असू दे उभी. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, तुझीच फूस आहे. मी म्हटलं, आहे. भाऊजींनी जाताना माझ्या हातात काही नाही ना, ते नीट तपासून पाहिलं.

आई मला म्हणाली, तेवढी काच लवकर बसव बाबा. आज फार कमी आला.

काय कमी आला, ते मी विचारलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

बरोबर काच आली. गाडी दुकानात सोडली. टोपीने शिडीवर चढून प्लास्टिक एका झटक्यात ओढलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. रस्त्यावर फार धूळ असते, डोळ्यांत जाते.

मग काउंटरवर. हा प्रसंग नीट लिहायला हवा, कारण पुढे माणसं भलतंच बोलतील.

तिने विचारलं, दादा, आत काचेचे कण आहेत, ते व्हॅक्यूमने काढतोच आम्ही. पण सोबत डीप क्लीनिंग पण करायचं का? वाफेने सीटा, छताचं कापड, सगळं धुऊन निघतं. मग थोडी पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, गाडीत सिगारेटचा वास खूप आहे हो.

म्हणजे तिला वाटलं मी ओढतो.

आता याला कोणता स्वाभिमानी तरुण गप्प बसेल? मी म्हटलं, छे छे, मी शिवत नाही. तो जुना वास आहे, आधीच्या माणसाचा. ती म्हणाली, मग काढून टाकू? मी म्हटलं, पूर्ण काढा. मुळासकट. ती म्हणाली, बरं झालं, मला तो वास सहनच होत नाही.

पहा. ती आत्तापासूनच त्या गाडीत बसण्याचा विचार करतेय.

घरी येईपर्यंत छातीत कसंतरी होत होतं. ॲसिडिटी. रिक्षाची सवय राहिली नाही.

आधीच्या माणसाचा, असं मी म्हणालो.

बुधवार, १२ मार्च

गाडी आणली. काच म्हणजे आरसा. बटण दाबलं की लोण्यासारखी सरकते, बंद झाली की नख जाणार नाही.

आत काहीच नाही.

लिंबाचा वास येतो. लिंबाचाही नाही, लिंबाचं चित्र काढलेल्या बाटलीचा. खिडक्या बंद करून सीटला नाक लावलं, बेल्टला लावलं, छताच्या कापडाला लावलं. पन्नासवर नेली, सत्तरवर नेली. काच हूं की चूं करत नाही. बेल्टची घंटी वाजली नाही. मी म्हटलं, बाबा. मग अजून एकदा म्हटलं. मागच्याने हॉर्न दिला.

घाबरण्याचं कारण नाही. धूर फोममध्ये खोलवर मुरलेला असतो, वाफेने फक्त वरचा थर जातो. उन्हात उभी केली की दोन दिवसांत परत येईल. हे शास्त्र आहे.

गुरुवार, १३ मार्च

आई खाली गेली. मी खिडकीतून पाहत होतो. दार लावलं. लगेच उघडलं. पुढून उतरली, मागे बसली. मग तिथूनही उतरली. गाडीला एक फेरी मारून नंबर प्लेट पाहिली.

वर येऊन म्हणाली, काच छान बसलीय रे. आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

ओरडली असती तर परवडलं असतं.

मग तिचा फोन आला. दुकानातलीचा. मी म्हटलं, बरं झालं तूच केलास, मला कोणाशी तरी बोलायचंच होतं, आज घरी… ती म्हणाली, दादा, हा कॉल रेकॉर्ड होतोय, आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल? मी म्हटलं, पाच. ती म्हणाली, धन्यवाद, आपलं नाव काय लिहू?

रेकॉर्ड होत असल्यावर बिचारी दुसरं काय बोलणार. तरी आता दुकानात जाणार नाही. माझ्या बाजूने संपलं. तिने सावरावं स्वतःला.

शुक्रवार, १४ मार्च. दुपार.

योजना, आणि निर्दोष योजना. बाबांच्याच ब्रँडचं पाकीट. त्याच खोकल्याच्या गोळ्या. आई शेजारी गेलेली. पार्किंगमध्ये गाडीत बसायचं, सगळ्या काचा बंद, एकामागून एक ओढायच्या, धूर सीटवर सोडायचा. गोळी चघळायची. वास तयार. उद्या आई खाली येईल आणि.

त्याच दिवशी, नंतर.

पहिल्याच झुरक्याला मेलो असं वाटलं. दुसरी अर्धी झाली. खोकून खोकून डोळ्यांपुढे काळोख. पण धूर साचला, आणि त्या धुरात, मी शपथेवर लिहितो, वास आला. तो. अगदी एक क्षण. कोणीतरी डाव्या सीटवर घसा साफ केला. मी वळलो.

आईने त्या बाजूचं दार उघडलं होतं.

तिने मला पाहिलं. सिगारेट पाहिली. मी सांगणार होतो, पण खोकलाच थांबेना. तो खोकला ऐकून तिचा चेहरा असा झाला की तसा मी तो बाबांच्या शेवटच्या आठवड्यातही पाहिला नव्हता. मला कॉलर धरून बाहेर ओढलं. लहानपणीसुद्धा तिने कधी हात उगारला नव्हता. आज दोन दिल्या. म्हणाली, एकाला खाल्लं या गाडीने, दुसरा मी देणार नाही.

मी म्हटलं, आई, तुझ्यासाठीच करत होतो गं. ती म्हणाली, तेही असंच म्हणायचे, शेवटची आहे, तुझ्यासाठी सोडतोय.

वर जाऊन तिने स्वतः भाऊजींना फोन लावला.

रविवार, १६ मार्च

गिऱ्हाईक आलं. सभ्य माणूस, सोबत बायको. भाऊजींनी गाडीचं इतकं कौतुक केलं की मलाच विकत घ्यावीशी वाटली. बाईंनी आत बसून नाक ओढलं. म्हणाल्या, जरासा सिगारेटचा वास आहे का हो?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बाबांचं नाव घेणार, तेवढ्यात आईच बोलली. म्हणाली, हा आमचा धाकटा, परवा एकदा आगाऊपणा केला त्याने. यांनी मात्र जन्मात कधी हात लावला नाही.

ताईने आ वासला. भाऊजींनी टकलावरून हात फिरवला. मी खाली मान घालून म्हटलं, हो, मीच. भाऊजींना शब्दानेही दुखवलं नाही. राग आलाच नाही, कोणाचाच.

गृहस्थ म्हणाले, त्यात काय एवढं, सनरूफ आहे की. उघडा ठेवला की दोन दिवसांत निघून जाईल. आणि त्यांनी बटण दाबलं.

काच कुठेही न अडखळता सरकली. काम चोख झालंय, हे मात्र मान्य करायला हवं. आई वर बघत उभी होती, शेवटपर्यंत उघडेस्तोवर.