अण्णाची रायफल, जैसे थे

४ ऑगस्ट २००३, सोमवार

परत खाली-उजवीकडे! दहाच्या दहा छर्रे! कार्डाच्या मधोमध काळा गोल ऐटीत बसलाय आणि माझी सगळी भोकं त्याच्या एका कडेला घोळका करून उभी — लग्नात आमंत्रण नसताना आलेल्या पाहुण्यांसारखी.

अप्पा कार्ड घेऊन खिडकीपाशी गेले. चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, "मुकुलचा छर्रा असा कधी जात नव्हता."

नव्हता, कबूल. माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं शेवटचं कार्ड भिंतीवर चौकटीत लावलंय — दहा छर्रे आणि भोक एकच. पुढच्या पंधरवड्यात त्याला जाऊन वर्ष होईल. बायपास, रात्र, ट्रक. बास, याहून जास्त लिहिणार नाही.

मे महिन्यात अप्पांनी त्याची एअर रायफल माझ्या हातात दिली. विचारलं नाही, दिली! "सप्टेंबरात जिल्हा स्पर्धा आहे. तू उतरायचंस." घरात दुसरं होतं कोण? उरलेलं पोर म्हणजे मी.

अट एकच. साइटला हात लावायचा नाही. रायफलच्या मागच्या बाजूला डोळा लावायची ती बारीक भोकाची साइट, तिला दोन चकत्या असतात — एक वर-खाली, एक डावी-उजवी. फिरवली की कट् वाजते आणि छर्रा केसभर सरकतो. अण्णाने शेवटच्या स्पर्धेआधी त्या लावल्या होत्या. तशाच राहायच्या. अप्पा वकील, त्यांच्याकडे एकच हुकूम — जैसे थे.

त्याची चप्पल जैसे थे. टूथब्रश जैसे थे. खुंटीवरचा शर्ट जैसे थे. मी तेवढी जैसी होते तैसी चालत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

आता हे काय नवीन! सोमवारी खाली-उजवीकडे जात होते, आज नुसते उजवीकडे. मधे मी केलं काय? काल शुक्रवार, दिवसभर कॉलेजात प्रॅक्टिकल — रायफल उघडलीसुद्धा नाही. अप्पा म्हणाले, "चित्त थाऱ्यावर नाही तुझं." असेल. कुणाचं आहे या घरात?

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज अप्पा मला हुबळीबाहेर तारिहाळला पद्मनाभ सरांकडे घेऊन गेले. सर मराठा पलटणीतून रिटायर झालेले. एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये पोरांना नेमबाजी शिकवतात. अण्णा त्यांच्याकडेच शिकला. मला बघून आधी दारातच थबकले. अण्णाचं जाकीट होतं ना अंगावर.

मी दहा छर्रे मारले. सरांनी कार्ड पाहिलं आणि चक्क हसले. "नोडवा, इकडे बघ. सगळे एका जागी पडलेत. हात उत्तम आहे. रायफल फक्त दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेली आहे. चार खटके डावीकडे फिरव." आणि हात चकतीकडे नेला.

"मुट्टबेड्री!" अप्पा कानडीत ओरडले. हात लावू नका! शेडमधली सगळी पोरं वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर शांत होते. म्हणाले, "वकीलसाहेब, प्रत्येकाचा गाल वेगळा, डोळा वेगळा. चष्मा कधी दुसऱ्याचा लावतो का आपण?"

"डोळा तिनं त्याच्यासारखा करायचा," अप्पा म्हणाले.

येताना स्कूटरवर मी मागे बसून सरांचं वाक्य मनात घोळवत होते — हात उत्तम आहे. हात उत्तम आहे! वर्षभरात या घरात कुणी मला उत्तम म्हटलं नव्हतं.

२० ऑगस्ट, बुधवार

वर्षश्राद्ध झालं. श्राद्ध सांगायला आलेले बाळाचार्य जाताना म्हणाले, "वर्ष झालं, आता त्याचे कपडे कुणा गरजूला द्या. त्यालाही मोकळं होऊ दे." आई उठून कपाटाकडे निघाली होती. अप्पांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. ती परत बसली.

ती रडत नाही. वर्षभर पाहतेय — स्वयंपाक, पूजा, शुक्रवारचा उपास. मला कधी कधी तिचा रागच येतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

पुन्हा सरकलं! आता वर-उजवीकडे. मी वेडी होणार बहुतेक.

सराव घरातच करते. मागच्या दारात ट्रंक, ट्रंकेत जुन्या गोधड्या, त्यावर कार्ड. मधली दोन्ही दारं सताड उघडी ठेवून पुढच्या खोलीच्या भिंतीला चिकटले की बरोबर दहा मीटर भरतात — हा अण्णाचाच शोध. "आई, आत!" असं ओरडायचं, आई स्वयंपाकघरातून "हूं" म्हणते, मग मारायचं. आज रायफल काढली तर वरच्या फडक्याची छान चौकोनी घडी. मी तर कशीही गुंडाळून ठेवते. अप्पांनी घातली असणार.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती आले. गेल्या वर्षी सुतकामुळे आणले नव्हते. आरतीला टाळ वाजवायला कुणी नव्हतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

सापडलं! साइटला हात लावायचा नाही ना? नाही लावत. नेमच चुकीच्या जागी धरायचा! छर्रा आता परत खाली-उजवीकडे जातो, तर काळा गोल मधे न ठेवता मी वर-डावीकडे धरते. नळीच्या टोकावरच्या कड्याच्या आत गोल वाकडा दिसतो, डोळ्यांना पाणी येतं — पण छर्रा मधोमध! आज पाचातले तीन दहाच्या घरात. अप्पा इतकंच म्हणाले, "बघ. येतो की नाही त्याच्यासारखा डोळा?"

नेम कुठे धरला ते मी सांगितलं नाही. असू दे की, त्यांना सुख तरी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

गेल्या शनिवारी परत बिघडलं होतं, चार दिवस घासून परत बसवलं. आज तर असे छर्रे गेले की मीच कार्डाला हात लावून पाहिला. अप्पांनी माझं कार्ड अण्णाच्या चौकटीशेजारी धरलं. किती वेळ धरून उभे होते! म्हणाले, "आता रविवारपर्यंत रायफल उघडायची नाही. हे असंच घेऊन जाऊ."

आई म्हणाली, "पितृपक्षात कशाला ती स्पर्धा?" खरंच, पितृपक्षात स्पर्धा ठेवणारा कोण शहाणा! पण मला जायचंय. लिहूनच टाकते — अण्णासाठी नाही, अप्पांसाठीही नाही. मला बघायचंय मला येतं का ते.

२१ सप्टेंबर, रविवार

जेवायच्या आधी हे लिहून टाकते.

धारवाडला वेळेत पोचलो. हॉलमध्ये एका रांगेत पोरीच पोरी, सगळ्यांची जाकिटं अंगाबरोबर. माझं अण्णाचं, बाह्या दुमडलेल्या. शेजारच्या लेनमधली रेश्मा नावाची धारवाडची मुलगी म्हणाली, "पहिली वेळ? छान, मग काही घाबरू नकोस, पहिल्या वेळी सगळ्यांची फजिती होते." धीर दिला की शाप, कळलं नाही.

आधी सरावाचे छर्रे असतात, ते गुणांत धरत नाहीत. मी गुरुवारसारखाच नेम धरला. वर-डावीकडे. श्वास सोडला, दाबलं. दुर्बिणीतून पाहिलं — छर्रा पार डावीकडे, काळ्याच्या बाहेर पडायला आलेला! दुसरा, तिसरा — तिथेच. गुरुवारी मधोमध जाणारे छर्रे दोन दिवसांत असे कसे गेले? रायफल तर गुरुवारपासून बंद!

शेजारी रेश्माच्या साइटची कट् कट् चालली होती. एक छर्रा मारायची, दुर्बिणीत बघायची, चकती फिरवायची. जी ती तेच करत होती. त्यासाठीच तर ते छर्रे असतात! सर मागे दोराच्या पलीकडे उभे. बोलायची परवानगी नाही, पण दोन बोटं हवेत फिरवून दाखवत होते — फिरव, फिरव.

माझा हात चकतीवर गेला. बोटाला तिचे दात लागले. आणि मी मागे पाहिलं. अप्पा बाकावर बसले होते, पाठ ताठ. त्यांनी मान हलवली. एकदाच. नाही.

मी हात काढला.

पुढचं काय लिहू? चाळीस छर्रे मारायचे होते. उजवीकडे धरून पाहिलं, वर धरून पाहिलं. एक आठ, एक चार, एक तर कार्डाच्या कोपऱ्यात! जाकिटात घाम, डोळ्यात घाम. शेवटचे दहा उरले तेव्हा मला एकदम कंटाळा आला. सगळ्याचाच. म्हटलं, आता मला जसं सरळ दिसतं तसं धरणार. जाईल तिथे जाईल. दहाही तसेच मारले. किती शांत वाटलं ते मारताना! मे महिन्यापासून पहिल्यांदा मी माझ्या डोळ्यांनी बघत होते.

खालून दुसरी आले.

सरांनी शेवटचं कार्ड उचलून अप्पांपुढे धरलं. दहा भोकं डाव्या कडेला एकमेकांत घुसलेली. त्यांच्यावर सरांनी अंगठा ठेवला — सगळी झाकली गेली. "नोड्री, बघा. पहिल्या स्पर्धेत असं कोण मारतं?"

"पण जागा चुकली," अप्पा म्हणाले.

"जागा तिची नाही चुकली, वकीलसाहेब."

बसमध्ये अप्पा खिडकीबाहेर बघत होते. उणकलचं तळं आलं तेव्हा बोलले, माझ्याकडे न बघताच. "तू रायफल खांद्याला लावलीस ना, ते जाकीट घालून… मागून मुकुलच उभा होता. अगदी तोच. मग तू वळलीस."

मी वळले! मीच का वळले? रायफलची पेटी मांडीवर घेऊन हुबळीपर्यंत बसून राहिले.

२२ सप्टेंबर, सोमवार

कॉलेजात कुणाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे कुणी विचारलंही नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

सरांचा फोन आला. पुढच्या महिन्यात बेळगावला खुली स्पर्धा आहे, पोरीला पाठवा म्हणाले, साइट लावून. अप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रायफल बंद झाली, सर." रिसीव्हर ठेवला.

मग मला: "रविवारी ती वरच्या कपाटात ठेवू. किल्ली माझ्याजवळ राहील. तुझा दोष नाही दीपा. पण त्याच्या हाताचं जे लागलेलं आहे ते तसंच राहू दे. तेवढंच राहिलंय."

"आणि मी? मी नाही का राहिलेय?" — बोलून गेले! आयुष्यात पहिल्यांदा अप्पांना उलटून बोलले. ते रागावले नाहीत, तेच वाईट. माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही अवघड विचारलंय. आई तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

ठरलं. परवा शुक्रवार. अप्पा कोर्टात. प्रॅक्टिकलला दांडी मारायची, चार खटके इकडे, चार तिकडे, दहा छर्रे मारायचे. पाप लागलं तर लागू दे. अण्णा, तुझं पुसून टाकणार आहे मी. पण मला येतं की नाही, एवढं तरी मला कळू दे. मग लावा कुलूप.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारीच घरी आले. दार नुसतं लोटलेलं. चपला हातात घेऊन आत गेले.

आतून आवाज. कट्. मग थांबून — कट्. कट्.

आई ट्रंकेपाशी जमिनीवर बसली होती. रायफल मांडीवर आडवी. पदराने पुसत होती आणि पुसता पुसता चकती फिरवत होती. शेजारी फडकं, चौकोनी घडी घातलेलं. मला बघून दचकली नाही.

"रविवारी तो इथंच बसून असं करायचा गं. मी आत पोळ्या लाटत असले की ऐकू यायचं. हे वाजलं की वाटतं, आहे घरात."

"कधीपासून, आई?"

"दर शुक्रवारी. तो गेल्यापासून. तुम्ही दोघं नसता ना."

मी तिच्यासमोर खालीच बसले. म्हणजे अण्णाने लावलेलं ते कधीच गेलं होतं. मे महिन्यात माझ्या हातात आलं तेव्हाही नव्हतं. आणि रविवारी धारवाडला अप्पांनी मान हलवली ती —

"आई, कुठल्या बाजूला फिरवायचीस?"

तिने चकतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाजू असते होय तिला?"