मनीताईसाठी फॉग लॅम्प

३ ऑगस्ट, रविवार
मनीताईला सातवा लागला. १७ तारखेला इगतपुरीला तिच्या सासरी डोहाळजेवण, आणि त्याच दिवशी तिला बाळंतपणासाठी इकडे मुलुंडला आणायचं. बाबांनी तीस वर्षं कंपनीची गाडी चालवली, पण डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं. म्हणजे मी. कसारा घाट मी एकदाच उतरलोय, तोही मे महिन्यात.
ताईचा फोन. "तूच ये हं. अनोळखी ड्रायव्हर नको मला."
हो म्हणालो. फोन ठेवल्यावर हात धुतले, उगाच.
बाबा खाली जाऊन गाडीसमोर उभे राहिले. फॉग लॅम्पच्या काचा पिवळ्या पडल्यात, उजव्याला तडा, आत पाणी. "ऑगस्टात घाटात ढग रस्त्यावर येऊन बसतो. ह्या दिव्यांनी पुढचा ट्रक दिसायचा नाही. दिवे झाले तर तू जा. नाहीतर भाड्याची गाडी."

६ ऑगस्ट, बुधवार
नाक्यावरचा गॅरेजवाला म्हणतो बंपर उतरवावा लागेल, वीस तारखेनंतर ये. वीस तारखेचा काय उपयोग?
कामावरून परस्पर कुर्ल्याला, स्पेअर पार्टच्या दुकानात. उजवा एकच मागितला. दुकानदार हसला. "जोडीने घे रे. एक नवा एक जुना, गाडी सगळ्यांना डोळा मारत फिरेल."
दोन घेतले.
"फिटिंग कोण करणार?"
"मीच."
त्याने माझा हात बघितला. "बारीक आहे. होईल."
रात्री व्हिडिओ चार वेळा बघितला. बंपर न उतरवता होतं. चाकावरच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं अस्तर सोडवायचं आणि मागून हात घालायचा.

१० ऑगस्ट, रविवार
स. ८ ला सुरू. आधी बॅटरीची मायनस वायर काढली. चाक पूर्ण वळवलं. प्रत्येक स्क्रूचा फोटो, स्क्रू वाट्यांत, वाट्यांवर चिठ्ठ्या. आई म्हणाली, "माझ्या आमटीच्या वाट्या आहेत त्या!"
अस्तराच्या दोन क्लिपा काढताना तुटल्या. दहा मिनिटं चाकाला टेकून नुसता बसलो. बारावी सोडली तेव्हापासून असंच, काही तुटलं की वाटतं सगळंच गेलं.
तळमजल्यावरचे सावंतकाका दूध घेऊन येत होते. "काय रे, गाडयेचे दात काढतस काय?"
म्हटलं, क्लिपा तुटल्या. "मगे? क्लिपाच त्या. हाडां नाय." घरात गेले आणि स्कूटरच्या डब्यातल्या चार जुन्या घेऊन आले. तीन बसल्या नाहीत, एक बसली. दुसरीच्या जागी प्लॅस्टिकची पट्टी आवळली.
डाव्याचा प्लग निघेना. ओढत होतो, आणि खाली एक जीभ होती ती दाबायची होती. डाव्याला २ तास ४० मि., उजव्याला ५० मि.
बॅटरी जोडली. बटण दाबायला आईला बसवलं आणि मी समोर. दोन्ही लागले!! आईच जास्त ओरडली.

११ ऑगस्ट, सोमवार
संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीसमोर गाडी लावून उजेडाची उंची बसवली. दिव्याच्या मधल्या उंचीवर खडूची रेघ, तिच्या चार बोटं खाली दुसरी. उजेडाची वरची कड खालच्या रेघेवर आली पाहिजे. मागचा स्क्रू पाव पाव फिरवत दोन्ही आणले. तीन वेळा मोजलं. बाबांनी वरून बघितलं. भाड्याच्या गाडीचा विषय काढला नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
घरी पोचलो. ताई आत झोपलीय. विसरायच्या आत लिहून ठेवतो.
जाताना घाट स्वच्छ. बाबा शेजारी, आई मागे. डोहाळजेवण छान झालं. ताईला हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि ती सारखी भुकेली. निघताना तिच्या सासूबाईंनी डिकीत तांदळाची दोन पोती चढवली. "लेकीसोबत रिकामी गाडी पाठवत नाहीत आमच्यात." शिवाय नारळ, बटाटे, ताईच्या बॅगा, लोणच्याची बरणी. नको म्हणायची सोय नाही. भावजी नुसते चढवत होते.
इगतपुरी सोडलं आणि ढग. फॉग लॅम्प लावले तर समोर पांढरी भिंत. रस्ता दिसेचना. बंद केले तर त्याहून वाईट. वाटलं, दिवे चुकीचे बसवले. ताई मागे आहे आणि माझे दिवे चुकीचे. 
बाबा म्हणाले, "डावीकडे ढाब्याचं अंगण आहे. घे आत."
घेतली. बाबा छत्री घेऊन उतरले, गाडीसमोर गेले. "उजेड झाडावर पडतोय रे. घरी भिंतीला लावलास तेव्हा डिकीत काय होतं?"
"काही नाही."
"आणि आता?"
तेव्हा कळलं. मागून गाडी बसली, तोंड वर झालं, उजेड वर ढगात जाऊन परत माझ्याच डोळ्यांत.
ताई मागून खोखो हसली. "म्हणजे सासूबाईंच्या तांदळाने वाट लावली होय!"
आई म्हणाली, "गप गं, पोटाला ताण येईल."
स्क्रू ड्रायव्हर होता. बाबांनी ढाब्याच्या भिंतीवर छत्रीचं टोक टेकवून उंची धरली, भिजत. मी आधी डावा, मग उजवा खाली आणला. "अजून. अजून जरा. बस."
परत घाटात. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ दिसली. पुढच्या ट्रकची फळीसुद्धा. वीसच्या वर गेलो नाही. मागचे हॉर्न मारत होते, मारू दे. दुसऱ्या वळणानंतर ताई झोपली. बाबांनी खिशातून शेंगा काढल्या, सोलून एकेक दाणा माझ्या हातावर ठेवत होते. रस्त्याकडे बघतच नव्हते.
कसाऱ्याला खाली आल्यावर ढग संपला. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
डिकीतली पोती वर घरी नेली. दिवे आता फार खाली पडतात, परत खडूच्या रेघेवर आणले. ताई खिडकीतून बघत होती. "झालं का रे तुझं?" झालं.

२४ ऑगस्ट, रविवार
ताईची तपासणी, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाल्या दिवाळीनंतर, पण आधीही होऊ शकतं, सांगता येत नाही.
जेवताना आई म्हणाली, "वेळ आली तर रिक्षा मिळेल ना रे?"
मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "रिक्षा कशाला? हा आहे ना."
ताईने माझ्याकडे बघितलं. मी वरण मागितलं.
हॉस्पिटलपर्यंत दोन सिग्नल आणि एक फाटक. फाटक किती वेळ बंद असतं ते बघून यायला हवं, सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं. आजपासून गाडी तोंड रस्त्याकडे करून लावतोय.