डोंगराखालचा सूर्य

बाई, त्या सकाळी पंप लावून पाण्याचा पाट नारळांकडे वळवला होता आणि मी वाडीत गळलेल्या सुपाऱ्या वेचत होते. तेवढ्यात लेकीचा फोन. ती परदेशात असते, डोंगराच्या पोटातल्या एका बोगद्यात तिची प्रयोगशाळा आहे. "आई, बाबांच्या वर्षश्राद्धाला येऊ की नको, उद्यापर्यंत सांग. आत्ता निघाले तर यंत्रावरची आमची पाळी दुसऱ्यांना जाईल. ते पुन्हा कधी मिळेल, कुणास ठाऊक." मी म्हटलं, "बघते." टोपली तिथेच ठेवून घरात आले, घरातून परत वाडीत गेले. पाट कुठवर भरला, ते पाहायचंही सुचलं नाही.

तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली. हे कुठे धाडायचं नाही, तरी लिहिते, कारण सुरुवात तुमच्यापासून आहे. सातवीत मी पेपरात 'सूर्य जळतो' असं लिहिलं, तर तुम्ही वर्गासमोर विचारलंत, "जळतो? कोळसा आहे का तो?" मी रडवेली झाले. "मग काय करतो, बाई?" तुम्ही खडू खाली ठेवलात. "मलाही नीट सांगता येणार नाही. तू वाच." आणि शाळेच्या कपाटातलं ताऱ्यांवरचं पुस्तक हातात दिलंत. पुढे शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. ते वेड लेकीने उचललं.

सूर्याच्या पोटात अणूंचे गाभे एकमेकांना लांब ढकलतात, तरी क्वचित दोन जुळतात, आणि त्यातून हा एवढा उजेड. लेक तसलंच जुळणं मोजते. कार्बनच्या पातळ थरावर हायड्रोजनच्या गाभ्यांचा झोत सोडायचा, तोही जमेल तितका मंद, ताऱ्यात असतो तसा. मग जुळणं इतकं विरळ होतं की दिवसच्या दिवस वाट बघायची. वरून आकाशातले कण सारखे बरसत असतात, त्यांच्या गोंगाटात हे कळणारच नाही, म्हणून डोक्यावर डोंगर हवा. शेजारच्या काकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, "काय गो, डोंगराखाली काय शोधत्येय ती, सोनं?" म्हटलं, "नाय हो, सूर्य." "अगो, तो तर हिकडं वर हाय!"

लेक सांगते, झोत सोडण्याआधी यंत्र नुसतंच चालू ठेवतात. काही करत नसतानाही किती नोंदी आपोआप येतात, ते आधी कळायला हवं. नाहीतर भलतंच खरं मानून बसू. त्या दुपारी मी टीव्ही, पंखा, पंप, सगळं बंद करून ओटीवर बसले. फाटकाची कडी वाजली, उठले. वारा होता. पुन्हा वाजली, पुन्हा उठले. हे गेल्यापासून असंच चाललंय. लेक आली तरी चार दिवस, मग परत तीच कडी. 'ये' म्हणावं तर तिचं काम जाणार. 'नको' म्हणावं तर तिला वाटणार, आई सावरली. वर्षभर मी तिला तसंच तर सांगत आले आहे, "मी मजेत आहे गं, तू जेवलीस का?" संध्याकाळपर्यंत घर आणि वाडी, वाडी आणि घर, पाय एका जागी ठरेनात.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. म्हटलं, "तू थांब. तुझं मोजून होऊ दे." आणि मला एकटीला जेवण जात नाही, बरेचदा नुसता चहा पिऊन निजते, हेही सांगितलं.